बकरा झिजला पाहिजे

आमच्या सुनेच्या कामाला कुणी नावं ठेवली की आधी माझे कान तापतात आणि मग जीभ सुटते. माझा स्वभावच असा आहे आणि या वयात तो बदलण्याचा माझा काही विचार नाही. बचाव-बोटीचे कप्तान वर्कशॉपच्या दारात उभे राहून, चार माणसांसमोर, "मिस्त्री, तुमच्या सुनेने आमच्या स्टिअरिंगचं पार वाटोळं केलं," असं म्हणाले, तेव्हा मी हातातला चहाचा ट्रे शेजारच्या पिंपावर आपटला. कप फुटला नाही, पण चहा सगळा कप्तानांच्या बुटांवर गेला. मुद्दाम केलं नव्हतं. पण वाईटही वाटलं नाही.

झालं होतं ते असं. बचाव-बोट म्हणजे बंदरातली सगळ्यांची लाडकी. कुणाचं इंजिन बंद पडलं, कुणी पाण्यात पडलं, की हीच धावते. त्या दिवशी सरावाहून परत येताना कप्तानांनी धक्क्याला लागायला चाक फिरवलं आणि चाक अर्ध्यावरच अडकलं. बोट सरळ जाऊन धक्क्याला बांधलेल्या टायरांवर आदळली. माणसांना काही झालं नाही, कप्तानांच्या अब्रूला तेवढं खरचटलं. आणि अब्रूला खरचटलं की माणूस औषध लावत बसत नाही, दुसऱ्याला चावतो.

चावायला त्यांना आमची सून सापडली, कारण हंगामाच्या सुरुवातीला त्या बोटीच्या स्टिअरिंगचं काम तिनेच केलं होतं. वर्कशॉप ह्यांचं. सगळं बंदर ह्यांना मिस्त्री म्हणतं. पण ह्यांच्या कमरेने दगा दिल्यापासून हे दारातल्या खुर्चीत बसतात आणि तिथून हुकूम सोडतात. आमचे चिरंजीव बोटींना रंग देतात आणि सूनबाई इंजिनं आणि स्टिअरिंग बघते. आधीची कामं तिने ह्यांच्या नजरेखाली केली होती. बचाव-बोटीचं काम तिच्या एकटीच्या जबाबदारीवर दिलेलं पहिलंच.

"बोट तुमच्याकडेच उघडा," कप्तान बूट झटकत म्हणाले, "पण उघडलेली मला दाखवा. मी सांगतो ना, ग्रीसच भरलेलं नसणार. तसं निघालं तर पुढच्या हंगामापासून आमच्या बोटीला मिस्त्री दुसरा."

"आणि तसं नाही निघालं तर?" मी विचारलं.

"तर वहिनी, मी तुमच्या हातचा चहा पितो. यावेळी कपातून."

बचाव-बोट ज्या वर्कशॉपला जाते, त्याच वर्कशॉपला बाकीच्या बोटी जातात. हा इथला न लिहिलेला कायदा. ती बोट गेली असती तर आमचं काय व्हायचं ते झालं असतं, आम्ही पूर्वीही पडत्या काळातून उठलोय. पण सुनेच्या हातात या बंदरात परत कुणी पाना दिला नसता. एकदा हात वाईट ठरला की ठरला.

ती आमच्याकडे आली तेव्हा बोट फक्त चित्रात बघितलेली होती. लग्नानंतर पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आली आणि उलट्या ठेवलेल्या एका बोटीचा मागचा भाग बघून ह्यांना विचारते, "बाबा, हिचा एक पाय बाहेर का आलाय?" सगळे हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर ओळखलंस, तो पायच आहे." आणि तिथेच खाली बसून तिला समजावू लागले. त्या दिवशी दुपारचं जेवण गार झालं आणि मला तेव्हाच कळलं, की ही आता स्वयंपाकघरात फार सापडायची नाही.

ज्यांना बोटीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी मीही सांगते. अशा बोटीत इंजिन पोटात असतं आणि मागच्या फळीतून बाहेर एक पाय पाण्यात सोडलेला असतो. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. पंखा त्या पायाच्या टोकाला. कप्तानाने चाक फिरवलं की वेगळं सुकाणू फिरत नाही, तो अख्खा पायच डावीकडे-उजवीकडे वळतो. तो एका ॲल्युमिनियमच्या कड्यात अडकवलेला असतो आणि त्या कड्यातून स्टीलची एक जाड पिन जाते. दार जसं बिजागरीवर फिरतं तसा पाय त्या पिनेवर फिरतो. पिन अडकली की संपलं, मग चाकाला लोंबकळा नाहीतर नवस बोला.

आता भानगड अशी, की खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र नांदत नाहीत. त्यातला दुबळा झिजायला लागतो. पिन स्टीलची, कडं ॲल्युमिनियमचं, म्हणजे घरातच भांडण, आणि मीठ त्याला चूड लावायला टपलेलं. उपाय एकच. दोघांपेक्षाही दुबळा असा तिसरा आणून त्यांच्याशी बांधायचा. तो म्हणजे जस्ताची वडी. पाणी मग आधी तिला खातं आणि बाकीचे वाचतात. पुस्तकात तिला भारदस्त नाव असेल, आम्ही तिला बकरा म्हणतो. बळीचा बकरा.

या शब्दापायी एकदा आमचे व्याही रुसले होते. सुनेचे वडील राहायला आले होते आणि त्याच दिवशी हे फोनवर कुणालातरी मोठ्याने सांगत होते, "जुना बकरा आता कामाचा नाही हो, पार झिजलाय. उद्या काढून टाकतो." व्याही दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी भरून तयार. सुनेने त्यांना हाताला धरून वर्कशॉपमध्ये नेलं आणि जस्ताचा झिजलेला तुकडा हातात दिला, तेव्हा कुठे ते राहिले.

पण बकऱ्याचा एक नियम आहे आणि तो आमच्या घरात पाढ्यांच्या आधी शिकवतात. बकऱ्याला रंग लावायचा नाही. रंग लावला की पाणी त्याला खाऊ शकत नाही, आणि बकरा वाचला की बोट मेली.

तर बोट उतारावरून वर ओढून घेतली. चाकांच्या गाड्यावर ती पाणी गाळत उभी राहिली आणि मी खरं सांगते, त्याही स्थितीत माझा ऊर भरून आला. काय तो रंग! आमच्या मुलाने रंगवलेल्या बोटीत बघून दाढी करावी. मागचा पाय तर काळाभोर, चकचकीत. बंदरात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी आई म्हणून सांगत नाही, त्याच्यावर जळणारे रंगारीसुद्धा सांगतात.

सुनेने आधी नळी लावून सगळा पाय गोड्या पाण्याने धुतला. मग दोन्ही हातांनी धरून तो डावीकडे वळवून बघितला, उजवीकडे वळवून बघितला. पाय ढिम्म.

कप्तान मागे हात बांधून उभे होते. त्यांनी पायावरच्या जस्ताच्या वडीकडे बोट दाखवलं. "हे बघा मिस्त्री, बोट आम्ही कशी ठेवतो ते. हंगाम संपत आला, तरी तुमचा बकरा नव्यासारखा आहे. आम्ही आमचं काम चोख केलं. दोष कुठे आहे ते तुम्ही बघा."

खरंच नव्यासारखा होता. वर थोडा पांढुरका थर, पण कडा जशाच्या तशा. जमलेल्यांनी माना डोलावल्या. सुनेचा चेहरा मात्र उतरला. ती गुडघ्यावर बसून त्या वडीकडे इतका वेळ बघत राहिली की कप्तान कंटाळले.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "तोवर पिन बाहेर काढून ठेवते."

पिन काढायला उरलेला दिवस गेला. तेल सोडायचं, थांबायचं, कडं शेकायचं, परत तेल. हे खुर्चीतून सांगत होते, "आता मार. आता नको. आता मार." शेवटी ती वळून म्हणाली, "बाबा, जरा गप्प बसा, मला पिनेचा आवाज ऐकू द्या." बाप रे, म्हटलं, आता होतंय महाभारत. ह्यांना गप्प बस म्हणणारी या घरात मी एकटीच, आणि मीसुद्धा वार बघून म्हणते. पण हे खरंच गप्प बसले. थोड्या वेळाने हातोडीचा आवाज बदलला. मलाही कळला तो. आणि पिन हलली.

बाहेर आली तेव्हा सगळे वाकून बघायला लागलो. पिनेच्या खालच्या भागावर ग्रीस होतं, भरपूर, हिरवंगार. वर मात्र पांढऱ्या भुकटीचा थर. कड्याचं आतलं तोंड वाळवी लागल्यासारखं खाल्लेलं. ॲल्युमिनियम सडलं की त्याची भुकटी फुगते, तिने पिनेला गच्च आवळून धरलं होतं.

"ग्रीस आहे!" मी ओरडलेच. "बोलवा त्या कप्तानाला. आत्ताच्या आत्ता बोलवा."

"थांबा आई," सून म्हणाली. तिला आनंद झालेला नव्हता. "ग्रीस होतं, तरी कडं खाल्लं गेलं. मग बकरा काय करत होता? कडं झिजलं आणि बकरा धष्टपुष्ट. हे उलटं झालंय."

तिने मीटर आणलं. त्याला दोन तारा असतात. दोन्ही टोकं एकमेकांशी जोडलेल्या धातूंना लावली की ते पिं करून ओरडतं. एक टोक तिने बकऱ्याला लावलं, दुसरं कड्याला. मीटर मुकं. तिने जागा बदलून लावलं, तरी मुकं. पायाला लावलं, तरी मुकं. पाय आणि कडं यांना जोडणाऱ्या वायरीला लावलं, तर तीही मुकी.

मग तिने वडीचे स्क्रू सोडले. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली प्लास्टिकची पातळ चकती होती. वडी निघाली आणि तिच्या मागे दिसला काळाभोर, चकचकीत रंग. त्यावर एक चरासुद्धा नव्हता. मला त्यात माझं तोंड दिसलं.

असा रंग बंदरात एकाच माणसाचा, हे मी आत्ताच सांगितलं. तो माणूस मागे ब्रश पुसत उभा होता.

"तू काढला होतास बकरा?" सुनेने विचारलं.

"तू माहेरी गेली होतीस तेव्हा," आमचा मुलगा म्हणाला. "मोठे साहेब बोट बघायला येणार होते. कप्तान म्हणाले, पायावरही एक हात फिरव. पण मी बकऱ्याला रंग नाही लावला! विचार कुणालाही. एक थेंब लागू दिला नाही. काढून कपड्यात गुंडाळून ठेवला, पायाला तीन हात दिले, पूर्ण वाळवले, आणि मग परत बसवला."

"आणि या चकत्या?"

"स्क्रूने रंगावर चरे पडतात ना."

"आणि वायर?"

"तीही काढली होती. टोकं गंजल्यासारखी दिसत होती, म्हणून..." तो थांबला. त्याला कळायला लागलं होतं.

"रंगातून करंट जात नाही रे," ती हळू म्हणाली. "बकरा धातूला टेकलेला पाहिजे. तू त्याला रंगावर बसवलास. म्हणजे तो बोटीवर होता, पण बांधलेला नव्हता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलू काय? पोराने नियम मोडला असता तर धपाटा घातला असता. त्याने नियम पाळला होता, अगदी अक्षरशः, इतक्या प्रेमाने आणि इतक्या नीट पाळला होता की बोटीचा घास झाला. आम्ही सगळ्यांनी त्याला शिकवलं होतं की बकऱ्याला रंग लावू नको. बकऱ्याखाली लावू नको, असं कुणी म्हटलंच नव्हतं, कारण इतकी टापटीप कुणी करेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आळशी रंगारी असता तर बोट वाचली असती.

तो ब्रश तिथेच ठेवून बाहेर निघून गेला.

मी मागच्या नळावर हात धुवायला गेले, तर सून मागोमाग आली. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"आई, कप्तानांना याचं नाव सांगू नका."

"का म्हणून?"

"ग्रीस होतं ते त्यांना दाखवू. बाकी वर्कशॉपची चूक म्हणून सांगू. परत आल्यावर मी मीटर लावून बघायला हवं होतं, असं मी म्हणेन."

"म्हणजे तुझ्यावर येणार."

"येऊ दे. त्याचं बंदरात नाव आहे, आई. माझं अजून झालेलंच नाही, मग जाणार काय त्यातून?"

हे ती रडत म्हणत नव्हती, साबणाने नखं घासत म्हणत होती. मी तिला ओरडले. म्हटलं, "साबण एवढा संपवू नको." ती हसली आणि गेली.

संध्याकाळभर मी धुमसत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय! मुलगा जेवायला आला, मान खाली घालून जेवला. त्याच्याकडे बघून माझं मन पाघळलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, सून स्वतःहून म्हणतेय तर गप्प बसावं. मुलाचं नाव राहील, सुनेचं आज ना उद्या होईल. पण मग आठवलं, की हात एकदा वाईट ठरला की ठरतो. आणि तिचा हात वाईट नाही. मी वर्कशॉपमध्ये उभी राहून तिला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बंद केली आहेत, तिथेच उभी राहून माझ्या सुनेला खोटं ठरू देऊ? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "माझं मत विचारू नकोस. तू करायचं तेच करतेस." हेही खरंच आहे.

सकाळी कप्तान आले. बरोबर काल धक्क्यावर होते ते सगळे, आणि ज्यांना काल यायला जमलं नव्हतं तेही. सुनेने पाटावर पिन, कडं, वडी, सगळं मांडून ठेवलं होतं. आधी तिने ग्रीस दाखवलं. कप्तानांनी बोट लावून बघितलं, हुंगलं, आणि "हं" म्हणाले. मग तिने भुकटी दाखवली, कडं दाखवलं, आणि बकरा रंगावर बसला होता म्हणून त्याने काम केलं नाही, हे सांगितलं. "चूक आमच्या वर्कशॉपची आहे," असंही म्हणाली.

"म्हणजे तुझी," कप्तान म्हणाले.

तिने मान हलवायला सुरुवात केली तेवढ्यात मी पुढे झाले.

"तिची नाही. तिने बकरा मीटर लावून बांधला होता. तो सोडला माझ्या मुलाने. रंग द्यायला."

कप्तानांनी माझ्याकडे बघितलं, मग मुलाकडे, मग परत माझ्याकडे. "सुनेला वाचवायला मुलाला पुढे करताय? वहिनी, असली सासू मी बघितली नाही."

"मग आता बघून घ्या," मी म्हटलं. "तिकीट नाही."

लोक हसले. मुलगा भिंतीशी उभा होता आणि नखातला वाळलेला रंग कोरत होता. शाळेत मार पडणार असला की तो असाच उभा राहायचा. मला वाटलं, हा आता निघून जाणार, आणि वर्षभर माझ्याशी बोलणार नाही. पण तो पुढे आला. बोटीपाशी जाऊन जिथे वडी होती त्या चकचकीत जागेवर त्याने अंगठा ठेवला.

"आई म्हणतेय ते खरं आहे. हा रंग माझा. मला वाटलं होतं मी फार शहाणपणाने केलंय. ही घरी नव्हती. आल्यावर मी तिला सांगितलंही नाही, कारण रंग बघून ती खूश झाली होती."

कप्तान काही इतक्यात विरघळणारे नव्हते. "सांगणं सोपं असतं," ते म्हणाले. सुनेने मीटरच्या दोन्ही तारा त्यांच्या हातात दिल्या. वडी परत तिच्या जागी धरली. "लावा."

त्यांनी लावल्या. काही आवाज नाही.

मग तिने पत्र्याची खरवडणी उचलली आणि आपल्या नवऱ्याकडे दिली. स्वतः खरवडलं असतं तरी चाललं असतं. पण तिने त्याच्याकडे दिली, आणि त्यानेही घेतली. आपला स्वतःचा आरशासारखा रंग तो खरवडायला लागला. तो आवाज मला सोसवेना. पण त्याने हात थांबवला नाही. वडीच्या मापाची जागा पांढरी लखलखीत झाली, वायरीची टोकंही घासून उघडी करून त्याने पाटावरचं कडं तिने पायाला परत जोडलं, चकत्या खिशात टाकल्या, आणि वडी स्वतः आवळून बसवली.

"आता लावा," सून म्हणाली.

पिं.

कप्तानांनी तारा काढून परत लावल्या. पिं. कड्यावर लावल्या. पिं. मग उगाचच आणखी दोन-तीनदा, नव्या खेळण्याला करतात तसं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू निवत गेला.

"म्हणजे मी हंगामभर रोज हा बकरा बघून खूश होत होतो," ते म्हणाले, "आणि तो झिजत नव्हता हाच रोग होता?"

"तुम्हीही खूश होता आणि समुद्रही," हे खुर्चीतून म्हणाले. दोन दिवसांत कप्तानांना टोमणा मारायची संधी त्यांना आता मिळाली होती आणि ती त्यांनी सोडली नाही.

त्यावर पहिल्यांदा कप्तान हसले. पण "काम तुमच्याकडेच राहील" हे काही त्यांनी तोंडातून काढलं नाही. "बोट पाण्यात गेली की बघू," एवढंच म्हणाले आणि गेले. चहाही घेतला नाही. मी मनातल्या मनात त्यांना चार शेलक्या शिव्या दिल्या.

पुढचे दिवस वर्कशॉपमध्ये वेगळंच चालू होतं. कडं कामातून गेलेलं होतं, नवं मागवलं. सुनेने पिनेचं घर साफ केलं, जिथे स्टील ॲल्युमिनियमला टेकतं तिथे राखणीचा लेप लावला, जुनं ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत नवं भरलं, पाय या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत भरलं. वायरीची टोकं आधी आवळली आणि वरून ग्रीस दिलं, म्हणजे जोडही राहील आणि पाणीही शिरणार नाही. प्रत्येक पायरीला मीटर. ती पुढे गेली की मागून मुलगा यायचा आणि विचारायचा, "इथे रंग चालेल?" ती खडूने खूण करायची. जिथे नको तिथे तो कागदाचा गोल कापून चिकटवायचा आणि भोवती रंग द्यायचा. कागद काढला की उघड्या धातूचा असा गोल दिसायचा, जणू कंपासने काढलाय. दुसऱ्या बोटीचा एक मालक म्हणाला, "अरे, एवढी जागा रंगवायची राहिली." त्यावर आमचे चिरंजीव छाती काढून म्हणाले, "राहिली नाही. ठेवलीय." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. भांडण काय, होऊन गेलं होतं. माझ्याशी तो दुसऱ्याच दिवशी बोलला होता, आणि तेही आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला.

मग बोट पाण्यात सोडली. कप्तान एकटेच घेऊन गेले. आम्ही सगळे दारातून बघत होतो, सून सोडून. ती आत दुसऱ्या बोटीखाली आडवी झालेली होती. मी म्हटलं, "अगं, बघायला तरी ये." तर खालून म्हणते, "आई, फिरतंय ते मला माहीत आहे." हा तोरा! माझ्याकडूनच आलेला असणार, दुसरीकडून येण्यासारखा नव्हता.

कप्तानांनी बोट डावीकडे घातली, उजवीकडे घातली, गोल गोल फिरवली. मग वेग वाढवून एकदम वळवली. बोट अशी वळली, जशी म्हैस गोठ्याकडे वळते, सवयीने, न सांगता. परत आले तेव्हा धक्क्याच्या टायरांना बोट नुसती टेकली. टायर हललासुद्धा नाही. तिथल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या काहींनी आठवडाभर आमच्या सुनेच्या हाताबद्दल काय काय म्हटलं होतं ते मला पाठ होतं. मी एकेकाकडे नीट बघून घेतलं.

कप्तानांनी दोर बांधला, इंजिन बंद केलं, आणि बोटीतूनच, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"मिस्त्री! अहो मिस्त्री!"

ह्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकले. आयुष्यभर या हाकेला उठत आले, कंबर आता साथ देत नाही तरी उठायला लागले. अर्धे उठले असतील, तेवढ्यात कप्तान वर येऊन दारातून आत बघत म्हणाले, "तुम्ही बसा हो. मी मिस्त्रींना बोलावतोय."

हे तसेच अधांतरी थांबले. सुनेला कळलंच नव्हतं. ती बोटीखालून डोकं काढून ह्यांच्याकडे बघत होती, हाक आली तरी बाबा जात का नाहीत म्हणून.

"अगं, तुला," हे म्हणाले. "जा."

ती उठली. हात पुसायला कपडा सापडेना, तर मुलाने आपल्या खांद्यावरचा काढून दिला. हे हळूहळू परत खुर्चीत बसले. मी त्यांच्यापाशी वाकून विचारलं, "वाईट वाटलं का?"

"गप्प बस," हे म्हणाले. "ऐकू दे."

कप्तान दुसऱ्यांदा हाक मारत होते.